ओळखीचं घर

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तीन नंबरच्या टेबलावर, मोठ्या बाईंच्या कानात त्यांचा स्वतःचा नवरा खोकला.

आता खोकतं कुणीही. बालसंरक्षण केंद्राच्या मदतवाहिनीवर तर लोक फोन लागल्या लागल्या आधी खोकून घेतात, कारण पुढे जे बोलायचं असतं त्याला घसा तयार नसतो. पण हा खोकला दोन हप्त्यांतला होता. आधी एक लहान, परवानगी मागितल्यासारखा, आणि मग ती मिळालीच आहे असं धरून चालून एक मोठा. चौतीस वर्षं बाई या खोकल्याच्या शेजारी झोपल्या होत्या, त्याच्यासाठी त्यांनी काढे उकळले होते, चारचौघांत तो निघाला की टेबलाखालून पाय दाबला होता. तो आता हेडफोनच्या काळ्या स्पंजातून थेट कानात उतरला, आणि बाईंना पहिल्यांदा वाटलं ते भलतंच वाटलं. त्यांना वाटलं, यांनी माझा डबा घरी राहिल्याचं सांगायला फोन केला असावा. डबा तर समोरच होता.

“बालसंरक्षण केंद्र. बोला, मी ऐकतेय,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या एकोणीस वर्षं म्हणत होत्या, आणि ते म्हणण्याचा त्यांचा एक खास आवाज होता. गार, सपाट, कपाळावर हात ठेवल्यासारखा. घरी तो कुणी ऐकलेला नव्हता. घरचा आवाज वेगळा. तो स्वयंपाकघरातून निघाला की खालच्या मजल्यावरची माणसं दूरदर्शन संचाचा आवाज वाढवायची.

पलीकडे शांतता. त्या शांततेत बाईंना स्पष्ट ऐकू आलं की आपल्याला ओळखलं गेलंय. केंद्रात सहा टेबलं होती, सहा माणसं होती, आणि फोन कुणाकडे जायचा ते यंत्र ठरवायचं. सहातला एक डाव होता तो, आणि अहोंनी आयुष्यात पत्त्यांत एकदाही डाव जिंकला नव्हता. (बाई त्यांना चौतीस वर्षं ‘अहो’ म्हणत होत्या, इतकं की आता ते हाक मारण्यापुरतं उरलं नव्हतं, त्यांचं नावच झालं होतं.) बाई वाट बघत राहिल्या. फोन ठेवला जाईल असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर ठेवला जावा असंही वाटलं. ठेवला गेला नाही.

“एका मुलीबद्दल सांगायचंय,” आवाज म्हणाला. तोंडावर काहीतरी धरलेलं होतं. रुमाल नसावा, टॉवेलच असावा, कारण आवाज नभोनाट्यातल्या दरोडेखोरासारखा येत होता. “सहा वर्षांची आहे.”

“नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. मुलीशी तुमचं नातं?”

“शेजारी,” टॉवेल म्हणाला.

बाईंनी टाइप केलं, शेजारी.

“मुलगी कुणाजवळ राहते?”

“बापाजवळ. आई दीड वर्षापूर्वी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. ती तिकडचीच झाली.”

“काय पाहिलंत? डोळ्यांनी पाहिलेलं आधी सांगा. ऐकलेलं नंतर.”

“गॅलरीत कोंडतो तिला. गॅलरी साडेचार बाय अडीच. कठडा तीन फूट दोन इंच, त्याच्याखाली आडवी पट्टी आहे, म्हणजे मूल चढू शकतं. दाराला कडी आतल्या बाजूनं.”

एकोणीस वर्षांत कुणी बाईंना कठड्याची उंची इंचांत सांगितली नव्हती. रडत सांगणारे होते, ओरडून सांगणारे होते, शेजारणीचं उट्टं काढायला सांगणारे होते. एकानं तर सगळं यमक जुळवून सांगितलं होतं. पण अहो इमारतींचे नकाशे काढण्यात निवृत्त झाले होते. ते लग्नाच्या मांडवातही खांबांमधलं अंतर मनात मोजत बसले होते, हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केलं होतं. दुःख झालं की अहो मोजायला लागायचे. त्यांची आई वारली तेव्हा दवाखान्याच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून आले होते, आणि एक पायरी अर्ध्या इंचानं जास्त आहे म्हणून कंत्राटदाराला शिव्या देता देता रडले होते.

“बाप काही घेतो का? दारू, गोळ्या, आणखी काही?”

“पावडर. पुड्यांत असते. मी नळ दुरुस्त करायला गे... म्हणजे मला असं दिसलं की मुलीच्या रंगीत खडूंच्या डब्यात पुड्या होत्या. अकरा.”

“मारतो?”

टॉवेल सारखा केल्याचा आवाज आला.

“मारताना पाहिलं नाही,” टॉवेल म्हणाला. “मारलेलं पाहिलं. पोटरीवर पट्ट्याचा वळ. गेल्या रविवारी. पाच इंच.”

“पत्ता सांगा.”

त्यांनी सांगितला. इमारत, मजला, दाराचा नंबर, जिना चढल्यावर डावीकडे. त्या दाराची बेल बाईंनीच पसंत केली होती. दुकानात चौदा बेला वाजवून बघितल्या होत्या, आणि मुलगा वैतागून म्हणाला होता, आई, बेल आहे गं, सून नाही निवडायची. सून त्या वेळी शेजारीच उभी होती आणि हसली होती.

“तुम्ही फोन केलात हे फार चांगलं केलंत,” बाई म्हणाल्या. हे वाक्य सगळ्यांना म्हणायचंच असतं, ते भिंतीवर चिकटवलेलं आहे.

“हो का?” अहो म्हणाले. या वेळी टॉवेल नव्हता. मग फोन बंद झाला.

केंद्रात एक पद्धत होती. फोनवरचं घर ओळखीचं निघालं तर हात वर करायचा. बोलायचं काही नाही, कारणं द्यायची नाहीत, नुसता शाळेतल्यासारखा हात वर. काचेच्या खोलीतून साहेब बघायचे आणि तो फोन दुसऱ्या टेबलाकडे जायचा. ही पद्धत बाईंनीच सुचवली होती. बाईंचा हात एकोणीस वर्षांत दोनदा वर गेला होता, एकदा दूधवाल्याच्या घरासाठी आणि एकदा शिवणाच्या शिक्षिकेसाठी, आणि दोन्ही वेळा हात खाली घेताना आपण फार सरळ माणूस आहोत असं त्यांना वाटलं होतं. आज हात टेबलावर होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. बांगडीखाली घामाची एक बारीक रेघ होती. हात कुणी दुसऱ्यानं विसरून गेल्यासारखा पडून होता, आणि बाई त्याच्याकडे बघत असताना त्यांना दुसरा एक दंड दिसायला लागला, बारीक, ओला, साबणाचा.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. नात दोन दिवस राहायला आली होती. तिला अहो ‘मुंगी’ म्हणायचे, कारण ती कुठेही सोडली तरी साखरेच्या डब्यापर्यंत पोचायची. बाई तिला आंघोळ घालत होत्या. डोक्यावर पाणी ओतलं की मुंगी तोंडानं पावा वाजवल्यासारखा आवाज काढायची आणि बाईही काढायच्या. दंडावर साबण लावताना त्यांच्या बोटांखाली चार डाग आले. पिवळे पडायला लागलेले, एका ओळीत, आणि आतल्या बाजूला पाचवा. बाईंचं बोट त्यांच्यावर नेमकं बसत होतं, म्हणजे मोठ्या माणसाचंही बसलं असतं. त्या काही विचारणार त्याच्या आधीच मुंगी म्हणाली, “मी पडले.” आधीच. न विचारता. आणि हे ‘मी पडले’ बाईंच्या इतक्या ओळखीचं होतं! नव्या मुलींना शिकवताना त्या सांगायच्या, विचारायच्या आधी आलेलं उत्तर आधी लिहून घ्या, ते पाठ करून घेतलेलं असतं. बाईंनी तांब्या उचलला. दंडावर पाणी ओतलं. आणि म्हणाल्या, “बघून चालावं गं, राणी.” एवढंच. साबण गेला, डाग राहिले. मुंगीनं वर बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते बाईंना तेव्हा हुश्श झाल्यासारखं वाटलं होतं. आज टेबलावर बसून त्यांना कळलं की ते हुश्श नव्हतं. दार ठोठवावं, आत माणूस दिसावा, आणि त्यानं पडदा ओढून घ्यावा, तसं काहीतरी होतं.

नंतर त्यांनी चौकशी केली नाही असं नाही. त्यांनी मुलाला फोन करून विचारलं होतं, सगळं बरं आहे ना? तो म्हणाला होता, बरंच आहे. कामाचा ताण आहे जरा. बाईंनी त्याला रात्री दूध पीत जा असं सांगितलं होतं. ज्या बाईला इतर घरांच्या भिंतींतून दिसायचं, तिनं आपल्या मुलाला पावडरवर दूध सुचवलं. लहानपणी तो झोपेत हसायचा, हे त्यांना तेव्हा आठवलं होतं. जेव्हा जेव्हा काही वेगळं आठवायची भीती वाटायची, तेव्हा तेव्हा त्यांना त्याचं झोपेतलं हसूच आठवायचं. भलतं प्रामाणिक हसू होतं, वेळेवर धावून यायचं.

पडद्यावर नोंदीचा फॉर्म उघडा होता. नोंदीचे तीन रंग. लाल म्हणजे ताबडतोब निघायचं. पिवळा म्हणजे आठवड्याच्या आत. पांढरा म्हणजे माहिती अपुरी, पुन्हा फोन आला तर बघू. बाईंनी सगळं शब्दाला शब्द लिहिलं, कारण बोलणाऱ्याचं बोलणं बदलायचं नाही हा त्यांचा बाणा होता. साडेचार बाय अडीच लिहिलं. पाच इंच लिहिलं. अकरा लिहिलं. पत्त्याच्या चौकोनात इमारत लिहिली, आणि मजला व दाराचा नंबर या ठिकाणी लिहिलं, ‘सांगितला नाही’. त्या इमारतीत छप्पन्न घरं होती. पत्ता अपुरा असला की नोंद आपोआप पांढरी होते, त्यासाठी बाईंना काही करावं लागलं नाही. हीच गोष्ट त्यांना दिवसभर धीर देत राहिली, आणि हीच गोष्ट दिवसभर खात राहिली. एवढी नेटकी, एवढी तपशीलवार पांढरी नोंद केंद्रात दुसरी नसेल.

“बाई, तुम्ही इतक्या शांत कशा राहता हो?” शेजारच्या टेबलावरून चिमणी म्हणाली. ही नवी मुलगी, अंगानं एवढीशी आणि बोलणं टिपणाऱ्या चोचीसारखं, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ती निम्मा आठवडा फोनवर असायची आणि निम्मा घरभेटींवर. “मला तर एक फोन झाला की जेवण जात नाही. मगाशी तुम्ही बोलत होता ना, मी बघत होते. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही!”

“सवय,” बाई म्हणाल्या.

“नाही, सवय नाही. काळीज लागतं.”

“डबा खा, गार होतोय.”

संध्याकाळी घरी गेल्या तेव्हा अहो स्वयंपाकघरात भाजी चिरत होते आणि गुणगुणत होते. अहो गुणगुणतात हे बाई विसरून गेल्या होत्या. गेले कित्येक महिने हा माणूस खुर्चीत बसला की खुर्चीच बसल्यासारखी दिसायची. बाई दारात उभ्या राहिल्या. टॉवेल दोरीवर वाळत होता, पिळून, झटकून, दोन्ही टोकं समान करून.

“आलीस? चहा टाकतो. आज फार फोन होते का?”

“नेहमीचेच.”

“नेहमीचेच,” अहोंनी मान डोलावली. भाजीचा एक तुकडा उचलून प्रकाशात धरला, जणू त्याची जाडी तपासायची होती. “नाही, मी सहज विचारतो. एखादा फोन आला, समज. पुढे काय होतं त्याचं?”

“चौकशी होते.”

“लगेच?”

“होते.”

“तुमचं काम चोख असतं म्हणा. मी सगळ्यांना सांगतो,” अहो म्हणाले आणि पुन्हा गुणगुणायला लागले. बाईंना वाटलं, आता म्हणावं. आता नुसतं ‘अहो’ म्हटलं तरी पुरेल. पण चौतीस वर्षांत या घरात एक वेगळीच शिस्त बसली होती. ज्याचं दुखतं त्यानं बोलायचं नाही, आणि ज्याला दिसतं त्यानं विचारायचं नाही. या शिस्तीला येणारेजाणारे समंजसपणा म्हणायचे. “तुमच्यात कधी भांडण होत नाही का हो?” असं लोक कौतुकानं विचारायचे, तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. मुलगा याच घरात वाढला होता. त्याचं कॉलेजचं पहिलं वर्ष वाया गेलं तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. सून बॅगा घेऊन खाली उतरली तेव्हा अहोंनी तिच्या बॅगेचं चाक दुरुस्त करून दिलं होतं आणि बाईंनी प्रवासात खायला डबा दिला होता.

चहा झाला. बाई हात धुवून आल्या तर अहो आतल्या लहान खोलीत गुडघ्यांवर बसले होते. हातात मोजपट्टी. भिंतीपासून खिडकीपर्यंत ताणलेली.

“हे काय?”

“काही नाही. रिकामीच पडलीय खोली. सहज मोजत होतो.” पट्टी त्यांच्या हातातून सुटून सर्रकन आत गेली. “साडेचार फुटांचा पलंग बसतो इथे. खिडकीपासून लांब ठेवला तर.”

साडेचार फूट. मोठ्या माणसाचा पलंग साडेचार फूट नसतो. बाईंना कळलं. या माणसानं आपला फोन योग्य कानात पडला असं मानलं होतं. तो यंत्राचा योगायोग नव्हता त्याच्या लेखी, तो त्याच्या जन्मातला पहिला जिंकलेला डाव होता, आणि आता तो त्या विश्वासावर पलंग बसवत होता. बाईंनी पट्टीचं दुसरं टोक धरलं, कारण अहोंनी ते पुढे केलं होतं, आणि दोघांनी मिळून खोलीची रुंदीही मोजली. त्या रात्री अहो गाढ झोपले. खोकलेसुद्धा नाहीत.

सकाळी बाई काचेच्या खोलीत गेल्या. साहेब पोटाची गोळी चघळत होते. ही गोळी ते फायली वाचायच्या आधी घ्यायचे, नंतर उपयोग नसतो म्हणायचे.

“साहेब, कालची एक पांढरी नोंद लाल आहे.”

“चुकली का?”

“चुकली नाही. चुकवली. पत्ता पूर्ण मिळाला होता.”

साहेबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा आंघोळीला निघालेल्या माणसासारखा दिसायचा. “ओळखीचं घर?”

“मुलाचं.”

बाहेर पाच टेबलांवर पाच आवाज चालले होते. ‘बोला, मी ऐकतेय’, ‘बोला, मी ऐकतेय.’ बाईंनी बसवून दिलेला आवाज, पाच गळ्यांतून. साहेबांनी खुर्चीकडे बोट केलं, नेहमीच्या नाही, समोरच्या खुर्चीकडे, जिच्यात तक्रार घेऊन आलेली माणसं बसतात. तिची बैठक फार खोल होती हे बाईंना पहिल्यांदा कळलं. माणूस तिच्यात बसला की आपोआप लहान होतो.

“फोन करणारा कोण होता, कळलं?”

“शेजारी,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी नवा फॉर्म घेतला आणि स्वतः लिहिला. लाल. काल हात वर केला नाही, एक दिवस गेला, एवढंच त्यांनी बाईंच्या नावावर मांडलं आणि पुढचं काही विचारलं नाही. त्यांना विचारता आलं असतं. मग चिमणीला आत बोलावलं. तिनं फॉर्म वाचला, बाईंकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या रेषा हलल्या. बाईंनी हेडफोन टेबलावर ठेवला, वायर गुंडाळली, आणि घरी आल्या.

दुपारी मुलाचा फोन आला. आवाज चिकट, झोपेतून ओढून काढलेला.

“आई, तुझ्या ऑफिसची माणसं आली होती. पोलीस घेऊन. मुंगीला घेऊन गेले. कुणीतरी तक्रार केलीय माझ्यावर. तुला दिसत असेल ना कम्प्युटरवर? बघ ना कोण आहे ते.”

“मी आहे.”

“चेष्टा नको गं.”

“चेष्टा नाही, राजा.”

तो हसला. झोपेतल्यासारखाच हसला. मग फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला. अहो समोर उभे होते. हात पुढे केलेला, फोन घ्यायला, तो तसाच राहिला.

“तू नाही केलास,” अहो म्हणाले. “मी केला.”

“माहितीये.”

“तुला माहितीये हे मला माहिती होतं.”

“मलाही.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“तुम्ही पलंग मोजत होता.” बाई खुर्चीत बसल्या. “अहो, काल मी तुमचा फोन पुढे पाठवलाच नाही. दाबून टाकला. आज सकाळी सांगितलं.”

अहोंनी हिशेब केला. त्यांच्या डोळ्यांत तो होताना दिसला. अकरा वीस ते अकरा वीस. “म्हणजे काल रात्री...” ते म्हणाले. मग खोकला आला, पहिला लहान, आणि दुसरा आलाच नाही.

तीनच्या सुमाराला चिमणी आली. एकटी वर आली. तिच्याबरोबरची दुसरी बाई खाली रस्त्याच्या कडेला केंद्राच्या पांढऱ्या गाडीत थांबली होती, आणि मागच्या काचेतून मुंगीचं डोकं दिसत होतं. ती काचेवर श्वास सोडून बोटानं काहीतरी काढत होती. अहो खिडकीकडे निघाले, तर चिमणी म्हणाली, “आत्ता नका हाक मारू, आजोबा. आधी हे करून घेऊ या का?” तिनं मांडीवर फॉर्म ठेवला. बोलणं नेहमीसारखं भरभर नव्हतं. “गॅलरीत होती. काल संध्याकाळपासून. वडील आत झोपले होते, दार शेजाऱ्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं उघडून दिलं. तशी बरी आहे. डॉक्टरांनी बघितलं. मला म्हणाली, मला थंडी नाही वाजली.”

विचारायच्या आधी, बाईंना वाटलं. त्यांना एकदम कळेना की हात कुठे ठेवावेत. साडी नीट केली, फुलदाणी सरकवली, परत होती तिथे ठेवली. अंगावरची कातडी आपली नाही, कुणाचीतरी मागून आणलेली आहे आणि ती आता परत करायची वेळ झालीय, असं काहीसं वाटत होतं.

“तूर्त तिला नातेवाइकांकडे ठेवता येतं,” चिमणी म्हणाली. “हा त्याचाच फॉर्म. घर बघितलं, खोली बघितली, छान आहे. एकच प्रश्न राहिलाय.” ती फॉर्मकडे बघत म्हणाली, वर बघितलंच नाही. “मुलीला त्रास होतोय हे घरातल्यांना केव्हापासून माहीत होतं?”

हा फॉर्म बाईंच्या रोजच्या वाटेवरचा नव्हता, तो घरभेटीवाल्यांचा. पण त्या चौकोनात काय पडलं की पुढे काय होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन-चार दिवस असले तर मूल आजच वर येतं, जिना चढून, चपला काढून. महिन्याच्या पुढे गेलं आणि कुणाला कळवलेलं नसलं, तर मूल निवारागृहात जातं, चौदा दिवस, बालकल्याण समितीपुढे सुनावणी होईपर्यंत. आणि समिती विचारते, की ज्यांनी बघून सांगितलं नाही, त्यांच्या घरात पुन्हा काही झालं तर ते सांगतील का?

“रविवारपासून,” अहो म्हणाले. पटकन, ठाम, टॉवेलशिवाय. “नात रविवारी आली होती. वळ दिसला. सोमवारी मी नळ दुरुस्त करायला गेलो, तेव्हा पुड्या. मंगळवारी आम्ही कळवलं.”

चिमणीनं लेखणी टेकवली. “मग रविवार लिहिते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी घाई होती, इतकी माया होती, की बाईंना तिचा एकदम रागच आला.

रविवार खोटा नव्हता. अहोंचा रविवार खराच होता. बाईंनी गप्प बसायचं एवढंच होतं, आणि गप्प बसण्यात या घरात कुणीही त्यांचा हात धरला नसता. खाली मुंगीनं काच पुसून टाकली होती आणि इमारतीकडे बघत होती, बोटानं मजले मोजत. बोट एका मजल्यावर थांबलं. चुकीच्या.

“माझं वेगळं आहे,” बाई म्हणाल्या. “माझे आठ महिने.”

“बाई,” चिमणी म्हणाली.

“लिही.”

“बाई, मी ऐकलं नाही असं...”

“बोलणाऱ्याचं बोलणं बदलायचं नाही. लिही, आठ महिने. दंडावर बोटं पाहिली, विचारलं नाही.”

लिहिताना चिमणीची चोच घट्ट मिटली होती. सही कुठे करायची ते तिनं बोटानं दाखवलं. दोघांनी सह्या केल्या, एकाखाली एक, जशा पासबुकावर केल्या होत्या, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर केल्या होत्या. बाईंना आशा होती की खरं बोलल्यावर काहीतरी सुटेल, निदान छाती तरी. तसं काही झालं नाही. उलट मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी एक लहानसा, नीटनेटका अभिमान उठून बसलेला त्यांना दिसला, आपण सरळ माणूस आहोत म्हणणारा, आणि त्याला बघून त्यांना आजच्या दिवसातली सगळ्यात मोठी लाज वाटली. नात खाली गाडीत बसली होती, आणि आजी वर खरं बोलून बसली होती.

चिमणी गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग गाडीचं दार वाजलं. अहो खिडकीशी उभे होते. ते मोजत नव्हते. गाडी हलली, मुंगीचं डोकं एकदा मागे वळलं आणि खुर्चीच्या पाठीआड गेलं.

“चौदा दिवस म्हणजे कधी?”

“पुढचा नाही, त्याच्या पुढचा बुधवार.”

अहोंनी मान हलवली. गाडी वळून गेल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली.

“तू गप्प बसली असतीस ना,” ते म्हणाले, “तर मी जन्मात काही म्हटलं नसतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेच तर.”